झोपाळ्याच्या फळीचा वाफा

॥ श्री ॥
अड्यार, मद्रास
ता. ९ फेब्रुवारी १९५९

चि. वेणीस आजीचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे जेवूनखाऊन आहोत. शेषू, तुझा बाप, फक्त घास घालायला तोंड उघडतो, एवढंच.

पुण्याच्या रत्नाकरशी लग्न करते म्हणून तू लिहिलंस, ते वाचून शेषू उठला आणि त्याने माजघरातला झोपाळा उतरवला. आपल्याकडे लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवतात, तेव्हा झोपाळा नाही म्हणजे या घरातून लग्न नाही, असा त्याचा अर्थ. तोंडाने नाही म्हणवत नाही म्हणून साखळ्या काढतो. काढताना अंगठा चेचून घेतला. मी हळद लावली, आणि मेल्या, बरं झालं, असंही म्हटलं.

फळी मागीलदारी भिंतीला टेकून उभी. मला ती रिकामी बघवेना. इथल्या मातीत नुसतं मीठ, वांगं लावलं तर चार पानांवरच मान टाकतं. म्हणून राणोजी सुताराकडून लाकडी उंच वाफा करून घेतला. तीन बाजूंना बंदरावरच्या खोक्यांच्या फळ्या, चौथ्या बाजूला आपला झोपाळा. आत तळाला नारळाची सोडणं, वर शेण आणि तळ्याचा गाळ. झोपाळ्याचं सागवान लांब पडलं, तर राणोजी कापायला निघाला. मी म्हटलं, करवत लावलीस तर तुझी बोटंच पेरीन. कड्याही काढू दिल्या नाहीत, पडवळाच्या दोऱ्या बांधायला राहू देत.

दुपारी वाफ्याशेजारी चटई टाकते. समुद्राचा वारा सुटला की डोळा लागतो, आणि वाफा, माती, मी, सगळंच हळूहळू पुढेमागे होतंय असं वाटतं. म्हातारपणी डोकं असंच हलत असेल.

प्रकृतीला जप. आमटीत गूळ घालणाऱ्या त्या मुलाला आशीर्वाद सांगू का नको, ते ठरलं की कळवीन.

तुझी आजी
सकवारबाई

॥ श्री ॥
पुणे
ता. २ मार्च १९५९

ती. आजीस वेणीचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं. पुढच्या तासाला मुलींना काय शिकवलं ते आठवत नाही.

अप्पांनी झोपाळा उतरवला ते मी समजू शकते. पण आई गेल्यावर ज्या फळीवर तू मला मांडीवर घेऊन निजवायचीस, तिच्यावर तू शेण लोटलंस? इथे अजून झोपेत मला त्या कड्यांची कुरकुर ऐकू येते, आणि जाग आली की खोली तेवढी थांबलेली असते.

रत्नाकर म्हणतो कचेरीत सह्या करून मोकळे होऊ. मीच त्याला थांबवलं आहे. गणपतीपर्यंत अप्पांचा होकार आला नाही, तर मीही सही करीन. मग त्या घराचा उंबरा पुन्हा कसा चढू, तूच सांग.

रागावून लिहिलं आहे, पण माया पातळ करू नकोस.

तुझी
वेणी

॥ श्री ॥
अड्यार, मद्रास
ता. १९ ऑगस्ट १९५९

चि. वेणीस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या रागाला उत्तर द्यायचं ते पडवळं लागल्यावर देऊ म्हटलं. लागली. सरळ वाढावीत म्हणून शेंड्यांना दगड बांधलेत. वारा आला की सगळी एकदम झुलतात, जशा परकर घातलेल्या पोरी. शेषू हपिसातून आला की खुर्ची टाकून तिथेच बसतो. कॉफी निवून जाते.

लाकडाला कडुलिंबाचं तेल लावत राहावं लागतं, नाहीतर वाळवी. माझे गुडघे वाकत नाहीत म्हणून त्याला सांगितलं. तो तेल लावायचा, पण एकट्या झोपाळ्याच्या फळीला. बाकीच्या तीन बाजू जणू शेजाऱ्यांच्या. शेवटी वाळवीने खोक्याची एक फळी खाल्ली आणि मातीचा ढीग अंगणात. मी म्हटलं, जाऊ दे, सगळाच वाफा चुलीत घालते, त्या सागवानावर महिनाभर भात शिजेल.

रविवारी शेषू राणोजीला घेऊन आला. झोपाळ्याची फळी सोडवली, तिच्या जागी ताडाची बसवली, खोक्याचीही बदलली. मग स्वतः काथ्याने फळी घासत बसला. मातीकडच्या बाजूला काळा डाग पडलाय, तो जात नाही. मी म्हटलं, ती बाजू खाली कर. तर म्हणाला, वरच राहू दे, आजीने काय केलं ते पोरीला दिसू दे. वेणे, सहा महिन्यांत तुझा विषय त्याच्या तोंडात पहिल्यांदा आला. मी पडवळाकडे बघत राहिले.

वाफा मी पडवळासाठीच केला होता. भलतं काही मनात आणू नकोस.

काल संध्याकाळी त्याने साखळ्या टांगल्या. एक कडी वर घेतली, पुन्हा खाली घेतली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, त्या पुण्याच्या मुलाचे पाय लांब आहेत का आखूड? टेकायला हवेत ना जमिनीला. मला काय ठाऊक! तेव्हा टपालाने माप पाठव. तोवर तो साखळी पक्की करत नाही, आणि मला कलत्या झोपाळ्यावर निजावं लागतं.

रत्नाकरला आशीर्वाद. पडवळं जून होण्याआधी या.

तुझी आजी
सकवारबाई