चंदूची पांढरी मिशी

पौष वद्य तृतीया, कोरीट

सूनबाई, माझ्या वहीत मी सांगते तसंच लिही, तुझं रडणंसुद्धा.

आज सुरतेहून परतलो. माझ्या आठ वर्षांच्या नातीला, चंदूला, वर्षभर पोटात कळा आणि शौचाला रक्त. डॉक्टर म्हणाले, पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला तरच आतडं दिसेल, मग पोट कापायचं की नाही ते ठरवू. चंदू पेल्याला हात लावेना. बाप विनवून थकला. शेवटी मीच एक घोट घेतला. चुनाच तो! माझ्या ओठावरचं पांढरं बघून चंदू खुदकन हसली, "आजी, तुले मिशा उन्यात!"

म्हटलं, "तुले येतीन का इतल्या मोठ्या?"

पठ्ठीने पेला रिकामा केला. डॉक्टर माझ्यावर खेकसले. खेकसोत बापडे.

अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे ती जराही हलली नाही. तिचा झुपकेदार मिशांचा बाप मात्र घाम पुसत बाहेर! आतडं सुजलंय, पण कापायचं नाही, असं ठरलं. इथे सूनबाई लिहिता लिहिता रडतेय. का कोण जाणे.

गाडीत तिने मिशी पुसू दिली नाही. आताही ओठावर पांढरं घेऊन अंगणात मिरवतेय. बाप म्हणाला, "माय, पुस ना ते."

म्हटलं, "तिनी मिशी राहू दे. तू तुनी काढ."