कपाळामागची तिसरी धमनी

ऑकलंड, मंगळवार

प्रिय सिनालुआताई,

धाकट्याचा समुद्रापलीकडून नमस्कार.

प्रार्थनेआधी बाबा शंख फुंकायचे, तो आवाज आज कानात घुमला. समोआत सगळे बरे ना? तुझा गुडघा?

मी मजेत. डोक्यातल्या एका धमनीला फुगवटा आलाय, तेवढा काढायचाय. पण नवल ऐक. कपाळामागच्या मेंदूला रक्त देणाऱ्या धमन्या दोन असतात, माझ्या तीन निघाल्या. जन्मभर कविता शिकवल्या, त्यांच्याखालून ही तिसरी गुपचूप वाहत होती. ती दुखावली तर आठवणी जातील म्हणे.

"ऑपरेशनच्या कागदावर सही करा, मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आमच्यात आधी बहिणीचा होकार."

"मग फोन लावा की."

"असला होकार फोनवर मागत नाहीत, बाई."

म्हणून हे पत्र लिहितोय, तोच दार वाजलं. ताई, विमानाला भिणारी तू इथे कशी? डॉक्टरीणबाईंनीच फोन लावला ना?