अम्मीसाठी एक जागा

११ जानेवारी २००८, शुक्रवार

फौजियाचा फोन. टोरांटोहून, सकाळी सातला. अब्बा बाहेर भाजीच्या टेम्पोची काच पुसत होते, अम्मी चहा गाळत होती. माझ्या या धाकट्या बहिणीला सहावा संपत आलाय. तब्येत बरी आहे म्हणते, पण आज तिचं एकच — "आपा, अम्मीला पाठवा. काय वाट्टेल ते करा, पण बाळंतपणाला अम्मीला पाठवा." आणि रडायलाच लागली! याआधी दोनदा पोटातच गेलंय तिचं. घाबरली असणार. मी म्हटलं, नवरा आहे ना जवळ, बिलालभाई? म्हणाली, ते कामावर असतात.

अम्मीनं फोन घेतला. रडू दिलं तिला पोटभर. मग म्हणाली, "येते मी." एवढंच! जसं काही भोरहून विंझरला एसटीनं जायचंय.

तिकिटाचा आकडा ऐकून अब्बा पुन्हा काच पुसायला गेले. पुसलेलीच काच.

१३ जानेवारी

झुल्फिकारभाईचा फोन आला. माझा हा भाऊ तिकडे आफ्रिकेत, अंगोलाच्या समुद्रात तेलाच्या विहिरीवर कामाला. महिना तिकडे, महिना इकडे. कंपनीच त्याला विमानानं नेते-आणते, फ्रँकफर्टवरून. मी फौजियाचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "नीलू, त्या विमानवाल्यांकडं माझे पॉइंट साठलेत म्हणं. दर खेपेला जमा व्हत्यात. म्या कधी बघितलं पण न्हाईत. त्यात अम्मीचं तिकीट व्हतं का बघ की!"

पासवर्ड दिला. माझ्यावर सोपवलं म्हणजे झालंच, असा त्याचा सूर.

१४ जानेवारी

पुरतात! एका माणसाच्या जाण्यायेण्याला पुरून वर बरेच उरतात. भाईला पत्ताच नाही, इतकी वर्षं तो ढगातून काय गोळा करत फिरत होता. वरचा कर तेवढा भरावा लागेल, तो भाई भरतो म्हणालाय.

घरी सांगितलं. अब्बा म्हणाले, "फुकाट विमान? कोण देतंय? काय तरी गळ्यात मारत्याल." अम्मी म्हणाली, "दिलं तर घ्यावं." आणि पेटीतून पासपोर्ट काढून आणला. मागं हजच्या अर्जासाठी काढला होता, नंबर लागला नाही. फोटोत काय रुबाबात बसलीय!

१७ जानेवारी

पॉइंट असणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. हे आज कळलं.

मी भोरात एमएस-सीआयटीच्या क्लासला शिकवते, म्हणून नेट तरी आहे. क्लासचे मानसिंग सर चांगले. म्हणाले, "सकाळच्या बॅचआधी येऊन बस. फक्त लाइट गेली तर इन्व्हर्टरवर एकच मशीन लाव." बसले. मुंबई ते टोरांटो, एप्रिलची एक तारीख टाकली. जागा नाही. दोन तारीख — नाही. तीन, चार, पाच... नाही, नाही, नाही. पैशानं घ्यायला त्याच विमानात जागा आहेत, पॉइंटला नाहीत! म्हणजे विमानवाले थोड्याच जागा पॉइंटसाठी सोडतात, आणि त्या कुणीतरी माझ्याआधी उचलतंय.

कोण आहेत हे लोक? मला भेटलेच पाहिजेत.

१९ जानेवारी

भेटले! इंटरनेटवर त्यांचा एक अड्डाच आहे. जगभरातली माणसं, पॉइंटवर विमानं शोधायची एवढाच नाद. इंग्रजी त्यांचं भलतंच, निम्मे शब्द लहान करून लिहितात. डिक्शनरीतही सापडत नाहीत. तरी वाचत बसले. नंतर बॅचला एक्सेल शिकवताना तोंडातून "कॉलम"च्या जागी "फ्लाइट" गेलं. पोरी हसल्या.

२३ जानेवारी

एक गोष्ट समजली आणि डोकं लख्ख झालं. लिहून ठेवते.

विमान कंपन्यांची आपसात गट्टी असते. भाईचे पॉइंट ज्या कंपनीत आहेत, त्यावर तिच्या गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानातही बसता येतं. पण भाईच्या कंपनीची साइट त्या दुसऱ्यांच्या जागा नीट दाखवतच नाही! दाखवते ती भलतीच तिसरी — एका जपानी विमान कंपनीची साइट. तिथं फुकट खातं उघडायचं, तिच्या शोधात सगळ्या गटाच्या मोकळ्या जागा बघायच्या, आणि मग आपल्या कंपनीला फोन करून सांगायचं, ही जागा द्या.

म्हणजे भोंगवलीच्या वांग्यांचा भाव मार्केट यार्डात विचारायचा आणि माल भोरात उचलायचा! अब्बांना असंच समजावलं. पहिल्यांदा "हं" म्हणाले.

२४ जानेवारी

लोडशेडिंग. इन्व्हर्टरही बसला. काही नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

मिळाली!!

मुंबई ते झुरिक, झुरिक ते टोरांटो. दोन एप्रिल. स्वित्झर्लंडच्या विमानात एक जागा. एकच! परतीची जूनमध्ये. मी ओरडलेच. मानसिंग सर चहाचा ग्लास घेऊन धावत आले, त्यांना वाटलं शॉक बसला.

मग फोन. भाईनं आधीच विमान कंपनीला माझं नाव कळवून ठेवलं होतं. तिकडची बाई इंग्रजीत म्हणाली, झुरिकवरून काही दिसत नाही मॅडम. पण त्या अड्ड्यावर वाचलं होतं, दोन्ही विमानांचे नंबर वेगवेगळे सांगा. सांगितले. ती टाइप करत राहिली, मी श्वास धरून. मग म्हणाली, "हो, आहे की! पॅसेंजरचं नाव सांगा."

बद्रुन्निसा शब्बीर. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. माझ्या अम्मीचं नाव मी एवढ्या मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं. क्लासच्या पोरी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बोलून झाल्यावर टाळ्या!

३० जानेवारी

तिकिटाचा कागद अब्बांनी उलटसुलट बघितला. "ह्येच्यावर बसू देत्याल?"

"देतील."

"नक्की?"

अम्मी म्हणाली, "पोरीनं केलंय, म्हंजी नक्की."

मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले. चेहरा दिसू नये म्हणून.

२५ फेब्रुवारी

व्हिसा आला. पासपोर्टवर चिकटलाय. अम्मीनं बोटानं चाचपून बघितला.

१ मार्च

ठकुबाई आल्या होत्या विंझरहून, एसटीनं. अळीव, डिंक आणि स्वतःच्या खाचरातला तांदूळ घेऊन. अम्मी वेल्ह्याकडं सरकारी नर्स होती. रिटायर होईपर्यंत त्याच डोंगरात. ठकुबाईंच्या तिन्ही सुनांची बाळंतपणं हिच्याच हातची. म्हणाल्या, "बाई, आमच्याकडं वढा भरला हुता तवा तुमी कमरंएवढ्या पाण्यातनं आला हुता. इमान म्हंजी काय लई न्हाई तुमाला."

अम्मीला मी सांगत होते, विमानतळावर व्हीलचेअर मागितली की सोबत माणूस मिळतो, चुकायची भीती नाही. तर कसली भडकली! "मला काय झालंय? आख्खं खोरं पायी तुडवलंय म्या. खुर्चीत बसून न्हाई जायची पोरीकडं." विषय संपला.

७ मार्च, शुक्रवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

पहाटे फौजियाच्या शेजारणीचा फोन. बाळ झालं! मुलगी. दीड महिना आधीच. काचेच्या पेटीत ठेवलंय, फौजियाचं रक्त फार गेलंय. शेजारीण पंजाबी बाई, हिंदीत सांगत होती आणि मधेमधे म्हणत होती, माँ को भेजो जी.

अम्मीचं विमान दोन एप्रिलला! अम्मी उठली, बॅग खाली काढली आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

क्लास उघडायला सरांच्या घरी जाऊन किल्ली घेतली. साडेसातला मशीनवर. अड्ड्यावर वाचलेलं एक आठवत होतं — निघायचा दिवस अगदी तोंडावर आला की न विकलेल्या जागा कंपन्या पॉइंटला मोकळ्या करतात. टाकलं: उद्या, मुंबई–टोरांटो. नाही. परवा. नाही. झुरिकवरून नाही, म्युनिकवरून नाही.

रडू आलं. मग स्वतःलाच झापलं. पोरींना काय शिकवतेस? मोठं गणित सुटत नसलं तर तुकडे कर! तुकडे केले. नुसतं मुंबई–फ्रँकफर्ट: आहे! नुसतं फ्रँकफर्ट–टोरांटो: भरलेलं. पण टोरांटोच्या आसपास दुसरं काय? सरांनी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर अंथरला. माँट्रियाल! फ्रँकफर्ट–माँट्रियाल: आहे! माँट्रियाल–टोरांटो, तासाभराचं: आहे, आहे, आहे!

फोन. पुरुष होता या वेळी. मी तिन्ही नंबर धडाधड सांगितले. तो म्हणाला, "तारीख बदलायची फी लागेल." लावा म्हटलं! मग कारण विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, लाइन सोडू नका." आणि जाऊन कुणाला तरी विचारून आला. फी माफ! त्याचं नाव विचारायचं राहिलं माझं. अल्ला त्याचं भलं करो.

घरी पळत गेले. "अम्मी, उद्याच निघायचं. विमानं तीन घ्यायची, दोन नाहीत." ती म्हणाली, "तीन तर तीन." आणि ठकुबाईंचा अळीव बॅगेत टाकला.

९ मार्च

काल दुपारी निघालो. जीपवाला ऐन वेळी नाही म्हणाला, म्हणून अब्बांच्या टेम्पोतून! पुढं अम्मी, मधे मी, मागं बॅग आणि चार रिकामे क्रेट. मुंबईत विमानतळाच्या वळणावर हवालदारानं अडवलं. "माल काय आहे?" अब्बा खाली उतरले, टोपी सारखी केली. "माल न्हाई साहेब, बायको हाय. कॅनडाला चाललीय."

हवालदार टेम्पोकडं बघतोय, अम्मीकडं बघतोय. सोडलं!

दारात मी तिच्या हातात कागद दिला. मराठीत तिच्यासाठी आणि खाली इंग्रजीत दाखवण्यासाठी: मला माँट्रियालच्या विमानाकडं जायचंय, वाट दाखवा. ती म्हणाली, "विचारत विचारत जाईन. डोंगरात काय पाट्या हुत्या?" अब्बांना म्हणाली, "गोळ्या वेळंवर घ्या." आणि काचेच्या आत गेली. पांढरी ओढणी, ताठ पाठ. एकदाही मागं वळली नाही.

अब्बा परतीच्या वाटेवर भोरला वळायचा कापूरहोळचा फाटाच चुकले. आयुष्यात पहिल्यांदा.

१० मार्च

पोचली!!! सुखरूप! फौजियापाशी आहे. बाळ दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढं, पण मूठ घट्ट धरतं म्हणाली. "जगतीय. म्या बघितलीत असली. जगतीय ही." आता मला कसलीच भीती नाही. अम्मीनं म्हटलं म्हणजे जगणार.

फ्रँकफर्टला तिला एकटी बघून विमानतळावरची एक पोरगी खुर्ची घेऊन आली होती म्हणे. अम्मीनं तिला खुणेनं सांगितलं, बॅग ठेव खुर्चीत, आपण दोघी चालू.

१४ मार्च

अब्बा चहाच्या टपरीवर सांगत होते, मी मागून ऐकलं: "थेट न्हाई मिळत वो. मधी माँट्रियाल करावं लागतं." जणू रोज तिकडं भाजी पोचवतात! मग म्हणाले, "माझ्या पोरीनं शोधलं. थोरलीनं." मी तशीच मागं फिरले. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते.

२७ मार्च

बाळ पेटीतून बाहेर! आईच्या अंगावर पितंय. मानसिंग सरांनी दोन्ही बॅचला पेढे वाटले. वर मला म्हणाले, मे महिन्यात हेच एक दिवस शिकव, इंटरनेटवर शोधायचं कसं ते. फळ्यावर तुझं नाव लिहू.

६ एप्रिल

अम्मीचा फोन. आज आवाज वेगळा, दवाखान्यात असायचा तसला. "नीट ऐक. बिलाल हितं न्हाई. नोव्हेंबरातच घर सोडून गेला. पोरगी एकटी हुती एवढे दिस, आपल्याला बोलली न्हाई. शेजारणीकडनं त्याला बोलवून घेतला. बोलले त्याच्याशी. बाळाला तिकडं आपल्या घरी आणायला त्याची सही घेतलीय. अब्बांना मीच सांगीन, तू न्हाई." मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडू नगं. माझं एकटीचं परतीचं मोडून टाक. पॉइंटचं भाईला मी इचारलंय. नव्यानं शोध. तीन जागा बघ, एक मांडीवरची."