पूरभिंतीतली पोकळी

१२ फेब्रुवारी

प्रिय काकू,

नमस्कार. मी बरी आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? फोनवर घर सोडण्याचा विषय काढला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून शेजारच्या बेकरीवाल्यांच्या हाती पत्र पाठवते आहे.

आधी चांगली बातमी. तुमच्या घरांच्या रांगेमागच्या पूरभिंतीच्या दुरुस्तीला सरकारी निधी मंजूर झाला. काम माझ्याकडेच आहे. मार्चअखेरीपर्यंत खर्च झाला नाही तर निधी परत जातो. रांगेतल्या सगळ्यांनी तेवढ्यापुरती घरं रिकामी करायला होकार दिला आहे. तुमचं एकच घर अडलं आहे.

भिंत बिघडली कशी, तेही सांगते. पाणी निथळावं म्हणून तिच्यात खाली भोकं ठेवलेली असतात. मागच्या तपासणीआधी, पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं, तुम्ही सगळ्यांनी ती सिमेंटने बुजवली आणि वरून चुना फासला. बेकरीवाले अजून कौतुकाने सांगतात, "ताई, साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, वा!" पाणी आत कोंडलं. पायाखालून वाट काढून त्याने भराव धुऊन नेला. झालेली पोकळी आता पंपाने सिमेंट भरून बुजवायची आहे.

मंगळवारी तुमच्या परसात मी हातोडीने भिंत वाजवत होते, ती यासाठीच. भरीव भिंत टणक वाजते, पोकळ भिंत रिकाम्या डब्यासारखी. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात.

"ऐकलंस ना? तुझे काकाच ते."

"पाणी आहे, काकू."

मुकादम हसले. "पाणी कशाला ठोठावतंय मॅडम, ते सरळ घरात येतं."

तुम्ही मात्र हसला नाहीत.

मी पाणी म्हणाले, कारण मुकादमांसमोर दुसरं काही म्हणायचं नव्हतं. नदी त्या दिवशी भिंतीपासून लांब होती, पात्रात गुरं चरत होती. आतलं पाणी हलायला काही कारण नव्हतं. हातोडी खाली ठेवल्यावर ठोके आले. दोन लागोपाठ, थोडं थांबून तिसरा. काका कामावरून आले की असंच दार ठोकायचे. मी चार पावलं बाजूला झाले. ठोकेही सरकले.

तुम्ही का अडून बसल्या आहात, ते मला कळतं. काका पुरात गेले आणि आपल्या हाती काहीच लागलं नाही. "सिमेंट भरलंत तर ते कुठे जातील?" असं तुम्ही विचारता. एवढं मात्र तपासून सांगते: मंगळवारी ठोके जमिनीलगत होते. काल पुन्हा आले, ते तुमच्या खिडकीच्या उंचीवर. तुम्ही थाप मारून उत्तर देता, असं बेकरीवाले म्हणतात. देऊ नका.

पंप सोमवारी नदीच्या बाजूने लागेल. सिमेंट आत शिरलं की आतल्या पाण्याला, आणि आणखी जे काही असेल त्याला, बाहेर पडायला तुमच्या स्वयंपाकघराचीच बाजू उरते. तुम्ही घरात असताना मी पंप लावू देणार नाही, आणि तो लागला नाही तर पुढच्या पुरात अख्खी रांग जाईल.

रविवारी सकाळी गाडी घेऊन येते. बॅग भरून ठेवा. मी घंटा वाजवेन आणि तुम्हाला हाक मारेन. दार ठोकणार नाही. कोणी ठोकलं, तर ती मी नसेन.

तुम्ही हव्या आहात म्हणून लिहिणारी,
तुमची पुतणी