हे पान आता अस्तित्वात नाही

३ मार्च, मंगळवार

जिंकले! दोन तास वाद घातला आणि शेवटी माझंच वाक्य पास झालं.

मुद्दा एवढासाच — आमच्या कंपनीच्या इंटरनेट-फिल्टरनं एखादं पान अडवलं की वापरणाऱ्याला काय दिसायला हवं? टोपीवाला आमच्याकडे चाचण्या घेतो, उन्हाळ्यातही लोकरी टोपी काढत नाही. त्याचं म्हणणं, ‘अडवलंय तर अडवलंय म्हणा ना. कुणी अडवलं तेही लिहा. खाली “तरीही बघा” असं बटण द्या. माणूस आपलं आपण ठरवेल!’ मी म्हटलं, बटण दिलं की लोक दाबणारच. अडवलं म्हटलं की भांडणारच. त्यापेक्षा पान नाहीच म्हणावं. नसलेल्या गोष्टीसाठी कोण भांडत बसतं?

मॅडम खूश. ‘हे पान आता अस्तित्वात नाही.’ पाच शब्द. बटण नाही, काही नाही.

टोपीवाला जाता जाता म्हणाला, ‘खोटं आहे ते.’ खोटं कसलं, सोय आहे. याला कशात चांगलं म्हणून दिसेल तर शपथ!

५ मार्च, गुरुवार

संध्याकाळी बाबांचा टॅबलेट चार्जिंगला लावायला उचलला, तर पान उघडंच होतं. जोडीदार गेलेल्या माणसांचा कट्टा आहे तो, तिथे सगळे टोपणनावानं लिहितात. बाबांचं नाव ‘दुसरा कप’. आई जाऊन सात महिने झाले, तरी सकाळी दोन कप चहा करतात आणि एक ओतून देतात. मला वाटायचं, विसरतात. विसरत नाहीत तर.

त्यांनी लिहिलं होतं — ‘झोपताना वाटतं, उद्या सकाळ झालीच नाही तर बरं.’

पुढे वाचवेना. दादाला फोन लावला. तो तिकडून — ‘रडक्या लोकांत बसल्यावर दुसरं काय होणार? तुझं कामच आहे ना हे? बंद करून टाक.’ हो, माझं कामच आहे. दहा मिनिटांत आमचा फिल्टर टाकला, कट्ट्याचा पत्ता बंदीच्या यादीत घातला. पिन काय ठेवू, काय ठेवू — आईची जन्मतारीख ठेवली. विसरायची भीती नाही.

बाबा दारात येऊन उभे. ‘काय करतेस गं?’

‘काही नाही, जाहिराती अडवतं हे.’

‘बरं,’ म्हणाले.

६ मार्च, शुक्रवार

आठला उठले तेव्हा बाबा टॅबलेट मांडीवर घेऊन बसलेले. ‘अगं, आमचा कट्टा दिसत नाही. आता अस्तित्वात नाही म्हणतंय.’

माझं वाक्य — बाबांच्या तोंडून! म्हटलं, ‘बंद केला असेल त्यांनी.’

‘काल तर होता.’

‘असं होतं कधी कधी.’

आज दुसरा कप ओतला नाही. ओट्यावर तसाच, साय धरलेली.

९ मार्च

बाबा बूट घालतात, कुलूप हातात घेतात आणि दारातूनच परत येतात. म्हणे पाय दुखतोय. कुठला पाय, विचारलं तर सांगता येत नाही. चार दिवसांनी होईल सवय. होईलच.

११ मार्च, बुधवार

‘बाहेर निघालीसच तर एक पोस्टकार्ड आण,’ म्हणाले. आजकाल कोण लिहितं! पण तीस वर्षं दारोदार टपाल वाटलेला माणूस, खोड जाणार कशी? आणून दिलं. खिडकीशी बसून लिहिलं आणि स्वतःच पेटीत टाकून आले. चला, निदान घराबाहेर तरी पडले.

जेवताना एकदम म्हणाले, ‘आमच्याकडे पत्र परत पाठवायचं झालं तरी वर कारण लिहावं लागायचं. पत्ता अपुरा, घ्यायला नकार, काय असेल ते. एकानं जिना चढायचा कंटाळा केला आणि “इथे राहत नाही” असं लिहून टाकलं. वर म्हातारी लेकाच्या पत्राची वाट बघत बसलेली! साहेबांनी त्याला उभा सोलला.’

मी हसले. मग हसूच येईना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! बाबा आपली जुनी गोष्ट सांगत होते.

१७ मार्च, मंगळवार

ऑफिसात माझ्यासाठी टाळ्या. तक्रारी निम्म्यावर आल्या! मॅडम म्हणाल्या, ‘याला म्हणतात नेमकं वाक्य.’

टाळ्या संपल्यावर टोपीवाल्यानं एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. कुणा बाईंचं पत्र होतं — ‘माझ्या आजाराच्या माणसांचं एक पान होतं, ते आता नाही असं दिसतं. चालवणाऱ्यांचा पत्ता मिळेल का? पुन्हा सुरू करा अशी विनंती करीन. रोज तिथे गेलं की धीर यायचा.’

पान ठणठणीत आहे. आमच्या फिल्टरला त्यातलं एका अवयवाचं नाव खपत नाही, एवढंच. बाई भांडत नाहीयेत, त्यांनी विश्वास ठेवलाय. तक्रारी कमी झाल्या त्या अशा!

कागद पर्समध्ये घालून घरी आणलाय. का आणला, माहीत नाही.

१८ मार्च

मॅडमकडे गेले. म्हटलं, वाक्य बदलू या, टोपीवाला म्हणतो तसं बटण देऊ या.

‘वाक्य तुमचंच ना?’

‘हो, पण...’

‘आकडे बघा.’

मी आकडे बघितले आणि ‘बरं’ म्हणून बाहेर आले. त्या बाईंचा कागद पर्समधून काढलासुद्धा नाही. त्या दिवशी दोन तास भांडायला जीभ होती. आज कुठे गेली होती?

२२ मार्च, रविवार

भाजी निवडत बसलो होतो. बाबा मान खाली घालून म्हणाले, ‘तुमच्या कामात असं होतं का गं — गेलेलं पान परत येतं?’

‘येतं कधी कधी.’

‘आपोआप?’

‘नाही. कुणीतरी आणावं लागतं.’

‘हं.’

सांगायची ती वेळ होती! ओठांवर आलं होतं. आणि मी काय विचारलं? ‘यात बटाटा घालू का?’

लाज वाटते. लिहितानाही वाटते. बाबांसाठी केलं, बाबांसाठी केलं म्हणून किती दिवस पांघरूण घालू? माझी भीती मला बघवेना, म्हणून केलं. आता सांगायची हिंमत नाही म्हणून त्यांचं दार बंद ठेवलंय. बाबा दिवसेंदिवस कमी जेवतात आणि मी बटाट्याचं विचारते.

२८ मार्च, शनिवार

आज माझ्या फोनवर कट्टा उघडला. त्या दिवशी जे वाचलं नव्हतं ते वाचलं.

बाबांच्या त्या एका ओळीखाली एकेचाळीस उत्तरं! कुणी म्हणतं, मलाही असंच वाटायचं, आता रोज नाही वाटत. कुणी म्हणतं, चहा ओतू नका, दोन्ही कप तुम्हीच प्या, वहिनींनी फुकट घालवू दिला असता का? आणि सगळ्यांखाली बाबा, पाच तारखेला, संध्याकाळी — ‘खरंच बरं वाटलं. उद्या सकाळी सहाला हजेरी लावतो.’

त्यानंतर तासाभरात मी दार लावलं.

‘कंदील’ नावाच्या एक बाई आहेत. सहा तारखेपासून रोज लिहितात — ‘दुसरा कप, आहात ना?’ ‘आज तरी आलात का?’ ‘कुणाकडे त्यांच्या मुलीचा नंबर आहे का?’ चौदा तारखेला फक्त — ‘कार्ड मिळालं. जिवात जीव आला. तुम्ही थांबताय तर मीही थांबते.’ मग काही नाही. म्हणजे बाबांचं ते पोस्टकार्ड यांना! पत्ता आधीच कधीतरी घेतलेला असणार. पण थांबताय म्हणजे काय?

आमचा फिल्टर असाच वाचतो. एक शब्द टोचला की मिटलं, पुढचं बघत नाही. पण ते यंत्र आहे. मी तर मुलगी ना?

रात्री जेवणं झाल्यावर पिन घालून पत्ता यादीतून काढला. सकाळी सगळं सांगणार. नक्की.

२९ मार्च, रविवार

‘कट्टा परत आला गं.’

‘त्यांच्याकडे काहीतरी बिघडलं असेल, बाबा.’ दुसऱ्यांदा! तोंडातून आपसूक गेलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग ‘असेल’ म्हणाले.

दुपारी कट्ट्यावर बघितलं. त्यांनी लिहिलंय — ‘परत आलो. मुलीनं उघडून दिलं.’ खाली सगळ्यांचं — गुणी मुलगी हो! नशीबवान आहात! मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना वाटत असेल, मी खटपट करून कुठूनतरी पान शोधून काढलं.

३१ मार्च, मंगळवार

पहाटेच जाग आली. बाबा चहा करत होते. म्हटलं, निदान तो फिल्टर तरी टॅबलेटवरून काढून टाकावा. काढताना विचारतो — जुन्या नोंदी बघायच्या? ‘हो’ दाबलं.

६ मार्च, सकाळी ६.१०. पिन बरोबर. यादी उघडली. बदल नाही.

७ मार्च, सकाळी ६.०५. पिन बरोबर. यादी उघडली. बदल नाही.

८ मार्च. ९ मार्च. एकही सकाळ चुकलेली नाही. सकाळच्या चोवीस नोंदी, शेवटची परवा, एकोणतीसला.

आईची जन्मतारीख या घरात माझ्याआधी कुणाला पाठ असणार!

एक बोट लावलं असतं तर कट्टा उघडला असता. लावलं नाही. रोज सकाळी उठून, मी उघडलं का, ते बघत होते.

हाक मारतायत. ‘ये गं, दोन्ही कप भरलेत.’