शहाण्णव घरं, बारा व्होल्ट

३० मार्च
शहाण्णव घरं. सगळी पुठ्ठ्याची! यंदा जयंतीला विहारात आपल्या वस्तीचाच देखावा मांडायचा आणि प्रत्येक घरात बल्ब लावायचा, असं बैठकीत ठरलं. काम रंगनाथकाकांनी माझ्यावर टाकलं. वर म्हणाले, नागेश कॉलेज सोडून रिकामाच हाय. उठून चालायलाच लागणार होतो. समोर संघप्रिया बसली होती. बसून राहिलो.

३१ मार्च
बल्ब गव्हाच्या दाण्याएवढे, बारा व्होल्टचे. बारा बल्ब एकामागे एक जोडले — एकही पेटला नाही. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं. बारा व्होल्ट बाराजणांनी वाटून घेतले, कुणालाच पुरले नाहीत. डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं हे. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असणार.

२ एप्रिल
आता दोन तारा समांतर, मधे बल्ब शिडीच्या पायऱ्यांसारखे. प्रत्येकाला पूर्ण बारा. तिसापर्यंत लय झकास. चाळीस झाले तर अॅडॅप्टर इतका तापला की हात लावता येईना. एक बल्ब साठ मिलिअँपिअर खातो, म्हणजे काहीच नाही. पण शहाण्णव मिळून पावणेसहा अँपिअर!

४ एप्रिल
कॉम्प्युटरवाल्याकडून भंगारातला पॉवर सप्लाय आणला. चालूच होईना. हिरवी वायर काळीला जोडून बघितली — पंखा घुंई! चौदा अँपिअर देतो म्हणे.

६ एप्रिल
शहाण्णव पेटले. पण पहिल्या गल्लीत लख्ख, पुढं मंद, शेवटच्या गल्लीत नुसता विस्तव. संघप्रियाचं घर त्याच गल्लीत. तिची आई कमलकाकू बघून म्हणाल्या, "आमचंच घर काळोखात? आमी काय वस्तीत राहत न्हाई का?" मी तडकलो. मुद्दाम केलं नाही, तुमीच लावून घ्या म्हणालो आणि पक्कड आपटली. काकू निघून गेल्या.

का होतंय असं? सगळ्यांना बारा मिळायला पाहिजेत!

७ एप्रिल
संघप्रिया आली. आईची माफी माग म्हणून आली असेल वाटलं. ती तर वाकून तारेवर बोट फिरवायली. मग म्हणाली, "नळाचं बी असंच हाय की. पाइप बारीक. टाकीजवळचे हंडे भरून मोकळे होतात, आमच्याकडं धारच येत न्हाई."

बारीक तार! मी टेलिफोनची तार वापरली होती. वाटेतच व्होल्ट मुरतायत. मीटर लावला — शेवटच्या गल्लीत जेमतेम सात.

बीएस्सीला असली तरी हे तिला पुस्तकातून सुचलेलं नाही. पहाटे चार वाजता नळावर उभं राहून सुचलंय.

८ एप्रिल
सगळं बिघडवलं. ती सहज म्हणाली, हे झालं की कॉलेजला जाशील का? वर्कशॉपच्या सरांसमोर फाइल भिरकावून आलो ते तिला माहीत आहे. माफी लिहून दिली की घेतील म्हणाली. मी म्हणालो, तू मला शिकवू नकोस. ती गेली.

आता बोलत नाही. विहाराच्या दारात भेटली, बाजूनं निघून गेली.

११ एप्रिल
जाड तार. पुढून आणि मागून, दोन्हीकडून करंट सोडला. शेवटच्या गल्लीत साडेअकरा!

१२ एप्रिल
कमलकाकूंच्या घरी गेलो. चुकलं म्हणालो. त्यांनी चहा दिला. ती घरात नव्हती.

१४ एप्रिल
संध्याकाळी बटण दाबलं. लोक आधी आपलंच घर शोधतात! रंगनाथकाकांना सापडेना. दुसऱ्याच्याच घरावर बोट ठेवून, "हे बघा माझं" म्हणाले. सगळे हसले. संघप्रिया आईसोबत आली, शेवटच्या गल्लीपाशी बराच वेळ उभी राहिली. माझ्याकडं बघितलं नाही.

शहाण्णव पेटवून काय मिळवलं?

१७ एप्रिल
सकाळच्या गाडीनं कॉलेजला गेलो. वर्कशॉपात सर एकटेच. चुकलो म्हणालो. सरांनी चष्मा पुसला. "मागच्या आठवड्यात एक मुलगी येऊन गेली. मोबाइलमध्ये तुझ्या वायरिंगचे फोटो दाखवले. म्हणाली, तो येईल, तेव्हा एकदा ऐकून घ्या. तुझी कोण ती?"

मी म्हणालो, "तिला विचारून सांगतो, सर."