दोन चमचे गिरजा लाल

मी, बद्रीनाथ कडूबा जंजाळ, वय ७२ वर्षे, धंदा शेती व वाइन तयार करणे, राहणार हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना, पूर्ण शुद्धीवर असून माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घशातली गाठ चांगली नाही असे डॉक्टर म्हणतात. डोके मात्र बिलकुल ठीक आहे. म्हणून माझ्या मागे काय कोणाचे, ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. यापूर्वी एकदा लिहायला बसलो होतो, पण मुलाचा राग आला आणि कागद फाडला.

१. तो मुलगा कल्याण, राहणार पुणे. त्याला रस्त्यालगतची चार एकर कोरडवाहू जमीन. तो माझ्या धंद्याला दारूचा कारखाना म्हणतो आणि दिवाळीला बारा बाटल्या गाडीत घालून नेतो. पुढे न्याव्यात की नाही, हे त्याची बहीण ठरवील.

२. मुलगी साधना हिला सात एकर द्राक्षबाग, शेड, सहा स्टीलच्या टाक्या आणि आमच्या गिरजा नदीवरून ठेवलेले वाइनचे ‘गिरजा लाल’ हे नाव. बाटलीवर ‘बद्रीनाथ जंजाळ यांच्या हातचे मिश्रण’ असे छापतो, ती ओळ काढून टाकावी. कारण पुढे येईल.

३. धर्मराज अठरा वर्षे माझ्या टाक्या सांभाळतो आहे. त्याला मोटारसायकल व गोडी मोजायचे यंत्र. यंत्र मी त्याच्या हातून दहादा हिसकावून घेतले आणि दहाही वेळा त्याचाच आकडा बरोबर निघाला.

४. गिरजा लाल कशी होते, हे साधना नेहमी विचारते आणि मी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेतो. तर ऐक बाई. शिराझ द्राक्षाची गोडी यंत्रात चोवीसवर आली की ऊन चढायच्या आत तोडणी. देठ काढून माल सालीसकट टाकीत टाकायचा. रस उकळ्या मारू लागला की साली वर येतात, त्या दिवसातून तीनदा खाली दाबायच्या. आठव्या दिवशी रस काढून घ्यायचा. लोभाने जास्त ठेवला तर तोंड आवळते. झिनफँडेल द्राक्ष वेगळ्या टाकीत, तसेच. लाकडी पिपाची भानगड नको. आंबटपणा आपोआप निवतो, घाई करू नये.

मग श्रावणात मिश्रण. शिराझ साठ भाग, झिनफँडेल तीस आणि शरद दहा. शरद हे खायचे काळे द्राक्ष, त्याचे नाव काढले की मोठे वाइनवाले नाक मुरडतात. पण त्यानेच वाइन सौम्य होते. भाकरी-वांग्याच्या भाजीबरोबर माणसाने विचार न करता प्यावी अशी आमची वाइन आहे, जाणकारांनी डोळे मिटून बसावे अशी नाही. शरदचा भाग मात्र दरवर्षी हलतो. कधी सहा, कधी चौदा. कोणत्या वर्षी किती, हे मला आयुष्यात कधी कळले नाही.

५. ते माझी पत्नी दुर्गाबाई हिला कळत होते. माझी जीभ तंबाखूने केव्हाच मेली. दुर्गा महानुभाव पंथाची उपदेशी, म्हणजे गुरूचा उपदेश घेतलेली, दारू वर्ज्य; तिने वाइनचा थेंब कधी ओठाला लावला नाही. ती फक्त वास घ्यायची. तीन पेले पुढे ठेवले की एकेक नाकाशी धरून सांगायची, ह्यात दोन भाग शरद घाला, हे डोक्यात जातंय. मी लिहून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे पेला फिरवत तेच बोलायचो. माझ्या ह्या सोंगाला ती घरी हसायची. त्याचे तिला काही वाटत नसे.

६. सहा वर्षांपूर्वी श्रावणात पुण्याचे चार व्यापारी आले. दुर्गाला सर्दी झाली होती. नाक बंद हाय, चार रोज थांबा, असे ती म्हणाली होती. मी थांबलो नाही. तिच्या तुळशीच्या काढ्यात मी तिला न सांगता दोन चमचे वाइन घातली. नाक नाही तर जीभ सांगेल, असा माझा हिशेब. तिने अर्धा काढा घेतला, थांबली आणि माझ्याकडे पाहिले. मी चौघांसमोर विचारले, “शरद जास्त झालं का?” एक जण म्हणाला, वा, मालकीणबाई पण घेतात. सगळे हसले. मीही हसलो.

हे शेवटचे दोन शब्द लिहायला मला तीन दिवस लागले.

बोलणे गावभर झाले. दुर्गाबाई चोरून घेते, असे झाले. आश्रमाच्या पंगतीला वीस वर्षे तिच्या हातचा स्वयंपाक जायचा, तो बंद झाला. तिने प्रायश्चित्त घेतले, उपास केले, पण काढ्यात कोणी घातले हे कोणाला सांगितले नाही. मी सांगावे म्हणून ती थांबली होती. मी सांगितले असते तर मिश्रण कोण करते तेही उघडे पडले असते. साधनाला मी सांगितले, सर्दीने आईचे नाक गेले, वास येत नाही. तेव्हापासून दुर्गा शेडमध्ये आली नाही आणि गिरजा लाल नुसती लाल राहिली. मी नीच वागलो.

७. राहते घर दुर्गाबाईला. वाइनच्या नावात अर्धा हक्कही तिला लिहिला होता, तो खोडला आहे. तिला वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, माझ्या नावानं दारू नको. मी म्हणालो, कलम ६ मी गेल्यावर सगळ्यांसमोर वाचतील. तेव्हा ती म्हणाली, “मेल्यावर कागद बोलन. तुम्हाला तोंड हाय तवर तुम्ही बोला.”

८. म्हणून आज सहीच्या आधी आश्रमाची पंगत पाहणाऱ्या मालनबाईंना व साधनाला बोलावले. मालनबाईंनी आमच्या घरचे पाणीही घेतले नाही. मी पावसाचे बोललो, द्राक्षावरच्या भुरी रोगाचे बोललो, घशाच्या गाठीचे बोललो. अर्धा तास गेला. मंग येते, म्हणून मालनबाई उठल्या. साधना त्यांना सोडायला गेली. दुर्गाने पेन माझ्यापुढे सरकवले आणि आत गेली.

तरी कलम ६ माझ्या मृत्यूनंतर मालनबाईंसमोर मोठ्याने वाचावे. साधनाने वाचावे. मी जिवंत असून त्यांच्यासमोर वाचू शकलो नाही.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, व त्यांच्यासमोर सही केली.

बद्रीनाथ कडूबा जंजाळ
हसनाबाद, दि. २९ ऑगस्ट २०२५

साक्षीदार:
१. सर्जेराव, निवृत्त शिक्षक, हसनाबाद (सही)
२. धर्मराज, टाकीवरचा कामगार, हसनाबाद (सही)
कलम ६ खरं हाय. मी तिथंच टाकीपाशी होतो. मी पण हसल्तो.